चूक दाखवणारीची ओळ

आमच्या घरात चुका काढायचं खातं माझ्याकडे आहे. वीजबिलावरचं चुकीचं रीडिंग, मुलीच्या प्रश्नपत्रिकेतली उलटी छापलेली आकृती, सासऱ्यांच्या डब्यातल्या एकसारख्या दिसणाऱ्या दोन गोळ्या, हे सगळं मी बघते. हिच्या नजरेतून काही सुटत नाही, असं घरातले कौतुकाने सांगतात. कौतुकाला काही लागत नाही, म्हणून ते भरपूर मिळतं.

पुण्यात होते तेव्हा याच गुणाचा मला पगार मिळायचा. कॉम्प्युटरच्या एकेका भागाशी बोलणारे छोटे प्रोग्राम असतात, ड्रायव्हर म्हणतात त्यांना, ते तपासणं हे माझं काम होतं. नवरा आणि मी एकाच कॉलेजचे, एकाच वर्गातले, दोघांचीही कामं त्याच जातीची. मग सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि आम्ही वर्ध्याजवळ सिंदी मेघ्याला, सासरच्या घरी परत आलो. त्याच्या कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली, माझ्या कंपनीने दिली नाही. एकाने नोकरी सोडायचं ठरलं असं आम्ही पाहुण्यांना सांगतो, पण ठरलं वगैरे काही नव्हतं. कुणी सोडायची हा प्रश्न घरात कुणाच्या तोंडून निघालाच नाही. त्याचा राग मला अजून येतो, आणि कुणा एकावर काढता येत नाही म्हणून तो भांड्यांवर निघतो.

समोरची खोली त्याचं ऑफिस झाली. तिला दार आहे, आणि ते लावलेलं असलं की मुलीने मोठ्याने हसायचं नाही असा नियम आहे. मला जेवणाचं टेबल मिळालं, त्यावर जेवण नसेल तेव्हा. दुपारची जेवणं आटोपून सासू-सासरे आडवे झाले, मुलीला शाळेतून यायला अवकाश असला, की मी टेबल पुसून लॅपटॉप उघडायचे आणि कर्नेलचा कोड वाचायचे.

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. फोन, बँकेचं मशीन, घरातला वाय-फायचा डबा, सगळ्यांच्या आत तो चालत असतो. मी वाचत होते तो कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. जगभरातली माणसं त्यात भर घालतात, दुरुस्त्या पाठवतात, आणि त्या त्या भागाचा सांभाळ करणारा एक जण त्या वाचून आत घेतो किंवा परत पाठवतो. हे सांभाळणारे लोक साधारणपणे खडूस असतात, आणि असावेतच.

एवढा कोड एका माणसाने डोळ्यांनी वाचून होत नाही. त्यासाठी टूल असतं. ते कोड न चालवता नुसता वाचतं आणि कुठे चुकू शकेल ते सांगतं. माणूस वाचताना सरळ रस्त्याने जातो, सगळं नीट झालं तर काय होईल तेवढंच बघतो. टूल प्रत्येक गल्लीत शिरतं. मेमरी मिळालीच नाही तर? चिपने उत्तर दिलं नाही तर? मध्येच कुणी वायर उपटली तर? लग्न ठरवताना असं एखादं टूल हाताशी असायला हवं होतं, पण ते जाऊ द्या.

टूलला चिकाटी असते, शहाणपण नसतं. ते ऊठसूट ओरडतं आणि त्यातलं बहुतेक ओरडणं खोटं असतं. प्रत्येक इशारा उघडायचा, तिथला कोड वाचायचा, हे खरोखर घडू शकतं का ते ठरवायचं. अख्खी दुपार जाऊन हाताला काही लागत नाही, असं कितीतरी वेळा झालं. सासूबाई चहाला उठल्या की विचारायच्या, ‘झालं का तुह्यं निवडणं?’ मी म्हणायचे, आज सगळे खडेच निघाले.

संक्रांतीच्या आधी मला एक खरं सापडलं. स्वस्तातल्या छोट्या बोर्डांवर बसणाऱ्या एका नेटवर्क चिपचा ड्रायव्हर होता. त्यात एका ठिकाणी कुलूप लावलं जायचं. दोन कामांनी एकाच वेळी एकाच वस्तूला हात घालू नये म्हणून कोडमध्ये ही सोय असते. घरात एकच न्हाणीघर असलं की त्याच्या कडीचं जे काम, तेच याचं. आत गेलात की लावायची, निघालात की काढायची. या ड्रायव्हरमध्ये सगळं सुरळीत झालं तर कडी निघत होती. पण चिपने वेळेत उत्तर दिलं नाही, तर आतला गडी खिडकीतून पसार व्हायचा आणि कडी आतून तशीच राहायची. मग जो येईल तो दाराबाहेर उभा. मशीन गोठायचं, आणि लोक म्हणत असणार, नेट गेलं वाटतं, बंद करून चालू करा.

अशा खिडक्या दोन होत्या. पहिली सरळ दिसणारी होती. दुसरीकडेही टूल कुरकुरत होतं, पण ती कुरकुर कुणालाही खोटी वाटावी अशी होती. मी एकेका फंक्शनचा माग काढत मागे मागे गेले. त्यात बऱ्याच दुपारी गेल्या. दुसरीही खरी निघाली तेव्हा मी टेबलाशी एकटीच हसले. भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान घेतलं, त्याच्या मागे दोन्ही जागा लिहिल्या आणि ते फ्रिजला चिकटवलं.

कर्नेलच्या जगात एक रीत आहे. दुरुस्ती पाठवताना तिच्याखाली नावांच्या ओळी घालतात. दुरुस्ती कुणी केली, कुणी तपासली, आणि चूक कुणी दाखवली. चूक दाखवणाऱ्याची ओळ वेगळी असते, नावानिशी. एकदा दुरुस्ती आत गेली की त्या ओळी कायमच्या. नंतर कुणाला त्या खोडता येत नाहीत आणि राहिलेली ओळ घालताही येत नाही.

ती ओळ मला हवी होती. पुण्यातल्या एका कंपनीत घरून करायचं काम निघालं होतं, अगदी माझंच काम, आणि त्यांची अट स्पष्ट होती की कर्नेलमध्ये गेलेलं तुमचं काम दाखवा. माझी नोकरी सुटून इतका काळ लोटला होता की दाखवायला ‘मी करायचे’ एवढंच उरलं होतं. ‘करते’ म्हणायला ती एक ओळ पुरली असती.

नवरा चहा घ्यायला बाहेर आला तेव्हा मी त्याला ते पान आणि कोड दाखवला. त्याने उभ्या उभ्या वाचलं. तो हुशार आहे, यात वाद नाही, त्याला लगेच कळलं.

‘खरी हाय ही,’ तो म्हणाला. ‘मी पाठवतो ना माह्या मेलवरून. तो सांभाळणारा मले ओळखते. तुह्या नवीन मेलले तो महिनाभर हात नाई लावणार.’

‘माही ओळ टाकशील ना?’

‘काऊन नाई टाकणार?’

दुसऱ्या दिवशी मी आणि सासूबाई तुरीच्या शेंगांचे सोले काढत बसलो होतो, तेव्हा त्याने आतूनच हाक दिली, ‘गेलं वं.’ मी बरं म्हटलं. थोड्याच दिवसांत ती दुरुस्ती स्वीकारली गेल्याचंही त्याने सांगितलं आणि मी शिरा केला. त्याने पाठवलेला मेल मात्र मी उघडून बघितला नाही. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांचा कोड गल्लीबोळांसकट तपासणारी मी, पण घरच्या माणसावर कुणी टूल चालवत नाही.

त्याच सुमारास धाकट्या दिराचं लग्न होतं. पत्रिकेचं प्रूफ आलं ते अर्थातच माझ्याकडे. मुहूर्ताचा वार आणि तारीख जुळत नव्हती. नवरीच्या आजोबांच्या नावामागे ‘कै.’ लागलं होतं, आणि आजोबा त्यांच्या गावात, सिंदी रेल्वेला, रोज सायकलवर फिरत होते. खाली ‘आपले नम्र’मध्ये आमची जोडी ‘सौ. व श्री.’ करून पुढे नवऱ्याचं नाव अशी होती, म्हणजे ‘सौ.’ तेवढी मी. त्यात काढण्यासारखी चूक नव्हती, सगळ्यांच्याच पत्रिकेत तसं असतं. मी बाकीच्या खुणा करून प्रूफ परत पाठवलं.

प्रेसवाल्याने त्या दुरुस्त्या केल्या आणि करताना वडनेरच्या चुलत सासऱ्यांचं नाव त्याच्याकडून उडालं. पत्रिका छापून वाटून झाल्या. वडनेरहून फोन आला. चुलत सासरे शांतपणे म्हणाले, ‘आमी काई घरचे नाई. लग्न चांगलं करजा.’ आणि फोन ठेवला.

घरात सुतक आल्यासारखं झालं. नवऱ्याने कामाच्या वेळात लॅपटॉप बंद केला, जे मुलीच्या तापातही त्याने केलं नव्हतं. सासऱ्यांना गाडीत घालून तो वडनेरला गेला, काकांचे पाय धरले, पत्रिका नव्याने छापून घेतल्या आणि त्या वडनेरात घरोघरी पुन्हा वाटून आला. जेवायला बसल्यावर म्हणाला, ‘काकाचं चुकलं नाई. एका नावानं काय होते, असं म्हणता येत नाई. नाव राह्यलं म्हणजे माणूसच राह्यला.’

मला ते पटलं. त्याच्या ताटात भाकर वाढताना मला त्याचा अभिमानसुद्धा वाटला. ते आठवलं की आता तोंड कडू होतं.

लग्न आटोपल्यावर माझी मुलाखत झाली. व्हिडिओवर, टेबलाशीच. मागे फ्रिज दिसू नये म्हणून खुर्ची फिरवून घेतली होती आणि सासूबाईंना मिक्सर लावू नका म्हणून सांगितलं होतं. समोर माझ्याहून लहान दिसणारा एक जण होता, पण कामातला होता. मी त्या कुलपाची गोष्ट सांगितली. दुसरी खिडकी कशी लपलेली होती ते सांगताना तो पुढे सरकून ऐकायला लागला. किती वर्षांनी मी माझ्या कामाबद्दल बोलत होते आणि समोरच्याला ते कळत होतं. मला रडू येईल की काय अशी भीती वाटली.

मग त्याने ती दुरुस्ती उघडली आणि त्याचा स्क्रीन मला दाखवला.

दुरुस्ती करणारा म्हणून माझ्या नवऱ्याचं नाव होतं. तपासणारा म्हणून त्याच्या टीममधल्या कुणाचं तरी. वर मजकुरात एक वाक्य होतं, की ही चूक अमुक टूलने सापडली. टूलचं नाव त्याने अगदी प्रामाणिकपणे, अचूक स्पेलिंगमध्ये लिहिलं होतं. चूक दाखवणाऱ्याची ओळ नव्हतीच.

‘मॅडम, यात तुमचं नाव कुठे आहे?’

‘हे माझे मिस्टर आहेत,’ मी म्हणाले. ‘चूक मी शोधली होती.’

‘अच्छा.’ तो चांगला मुलगा होता, हसला. ‘म्हणजे तुम्ही त्यांना मदत करता.’

त्यानंतरचे प्रश्न त्याने फार सौम्यपणे विचारले. बालवाडीच्या बाई विचारतात तसे. आठवड्याने सभ्य भाषेतला मेल आला की यावेळी दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे.

मुलाखत झाली त्याच दिवशी मी नवऱ्याच्या खोलीच्या दाराशी गेले होते. आत मीटिंग चालली होती. नियमाप्रमाणे मी परत फिरले. रात्रीच्या जेवणाला सगळे बसले तेव्हा विचारलं. एकटे असलो की मी त्याला तू म्हणते, सासू-सासऱ्यांसमोर अहो. रागावतानाही ते पाळावं लागतं.

‘अहो, माही ओळ काऊन नाई टाकली?’

त्याला क्षणभर कळलंच नाही कशाबद्दल आहे ते. याचं मला सगळ्यात जास्त लागलं.

‘अवं, आडनाव एकच,’ तो म्हणाला. ‘तो सांभाळणारा काय म्हणला असता? नवरा-बायको एकमेकायचे नावं टाकून राह्यले. बरं नाई दिसत ते. आन् घरच्या घरात काय नाव टाकाचं?’

‘त्याचं झालं म्हणजे तुह्यंच झालं ना बाई,’ सासूबाई म्हणाल्या. त्या मनापासून म्हणाल्या, म्हणून त्यांच्याशी भांडताही येईना.

‘मंग काकायचं नाव राह्यलं तवा वडनेरले काऊन गेलते?’ मी म्हणाले. ‘तेबी घरचेच होते.’

सासऱ्यांनी वरणाची वाटी पुढे केली. मी ती भरली तेव्हा नवरा म्हणाला, ‘ते येगळं हाय.’ वेगळं कसं ते त्याने सांगितलं नाही, आणि त्याला ते सांगता आलं असतं असंही मला वाटत नाही.

त्यानंतर बरेच दिवस मी लॅपटॉपला हात लावला नाही. उन्हाळा लागला. वर्ध्याच्या उन्हात दुपारी करण्यासारखं दुसरं काही नसतं, म्हणून एकदा कूलरसमोर बसून कर्नेलची नवी आवृत्ती उतरवली आणि सवयीने टूल सुरू केलं. त्याच ड्रायव्हरवर टूल ओरडलं. मी कोड उघडला. पहिली खिडकी बंद झाली होती. दुसरी सताड उघडी होती.

मी फ्रिजवरचं कॅलेंडरचं पान बघितलं. दोन्ही जागा माझ्या अक्षरात स्वच्छ लिहिलेल्या होत्या. त्याने एकच घेतली होती. दुसरी त्याला खोटी वाटली असणार, कुणालाही वाटली असती. मला नुसतं विचारलं असतं तरी पुरे होतं. पण मला विचारायचं तर मी शोधलं हे आधी लक्षात असायला हवं.

आता दुरुस्तीची वेळ माझी होती. त्यातही रीत आहे. आधीच्या कुठल्या दुरुस्तीत काय राहून गेलं ते स्पष्ट लिहायचं, आणि ती ज्याने केली त्यालाही त्या मेलची प्रत पाठवायची. म्हणजे माझं नाव पहिल्यांदाच कर्नेलमध्ये जाणार ते नवऱ्याची चूक सांगत. आधी त्याला सांगावं, असं मनात आलं. सांगितलं असतं तर तो ‘पाठवतो’ म्हणाला असता. मी सांगितलं नाही. मजकूर लिहिला, पुन्हा पुन्हा वाचला, त्यातले दोन बोचरे शब्द काढून टाकले. मग माझ्या ओळीशी येऊन थांबले. मुलाखतीतलं ते ‘कुठे आहे’ डोक्यातून जात नव्हतं. पुन्हा कुणी विचारलं तर बोट ठेवून दाखवता यावं, कुणाला शंका घ्यायला जागाच राहू नये, म्हणून मी आधार कार्डावर आहे तसं पूर्ण नाव लिहिलं आणि पाठवून दिलं.

समोरच्या खोलीत नवऱ्याचा लॅपटॉप टिंग वाजला. थोड्या वेळाने दार उघडलं.

‘घरात सांगाले काय झालतं?’

‘सांगतलं होतं,’ मी म्हणाले. सासू-सासरे झोपले होते. ‘तिथं लिहून हाय. दोन जागा.’

त्याने फ्रिजकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘साऱ्या जगासमोर माही चूक काढली तू.’

‘चूक काढणंच माह्यं काम हाय. तूच सांगतं ना साऱ्याइले.’

तो आत गेला आणि दार लावून घेतलं. माफी मागेल अशी मला आशा होती, नाही असं नाही. संध्याकाळी त्याने मला चहा करून दिला, आणि आमच्या घरात तेवढ्यावर विषय मिटतात. माझा मिटला नाही.

सांभाळणाऱ्या माणसाचं उत्तर आलं ते आम्हा दोघांना मिळून. दुरुस्ती बरोबर आहे, घेतली. खाली एक वाक्य होतं, की तुमचं आडनाव एकच दिसतं, तर पुढच्या वेळी पाठवण्याआधी तुम्ही दोघं आपसात बोलून घेतलंत तर माझा वेळ वाचेल. मी ते वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याला हसू आलं. मला आलं नाही.

पुण्याच्या कंपनीला मी त्या दुरुस्तीचा इंटरनेटवरचा पत्ता पाठवला. पुन्हा जागा निघाली की तुमचा विचार करू, असं त्यांनी कळवलं. अजून निघालेली नाही.

ज्या दिवशी ती दुरुस्ती सगळ्या जगाला दिसेल अशी चढली, त्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन सासऱ्यांजवळ बसले. का, ते मलाही सांगता येणार नाही. घरात कुणाला तरी दाखवायचं होतं, आणि आयुष्यभर शाळेत मुलांची नावं पुकारलेला माणूस नाव नीट वाचतो. मी अक्षरं मोठी केली. त्यांनी चष्मा पुसला, लावला, आणि हजेरी घ्यावी तसं इंग्रजीतलं ते नाव खणखणीत आवाजात वाचलं. आधी माझं, मग मधलं त्यांच्या मुलाचं, मग आडनाव.

‘वा सूनबाई,’ ते म्हणाले, आणि समोरच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून त्यांनी मोठ्याने हाक दिली, ‘अरे, इकडं ये. याच्यातबी तुह्यं नाव आलं.’